दुपारी दार लावणारं शहर

गोंदियाहून "दक्षिणेत जाऊन येतो" म्हटलं की लोक तिरुपती नाहीतर रामेश्वर धरून चालतात. तंजावरचं नाव काढलं की समोरचा जरा थांबतो आणि विचारतो, "तिथं काय आहे पण?" हजार वर्षांचं देऊळ आहे, पावणेदोनशे वर्षं नांदलेल्या भोसल्यांच्या राज्याच्या खुणा आहेत, आणि आमच्यासारख्यांना सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे तिथं धान आहे. कावेरीचा तो खालचा प्रदेश तामिळनाडूचं भाताचं कोठार. आम्ही इकडच्या कोठारातली माणसं तीन दिवस तिकडच्या कोठारात काढतो, एवढं कारण मला पुरतं.

आमच्या भिशीतल्या बायका, त्यांचे नवरे आणि कुणाची ना कुणाची सासू, असा गोतावळा घेऊन लहान सहल काढायचं काम माझ्याकडे आलं ते मी मागितलं म्हणून नाही. मला तिकिटं काढता येतात आणि गाडीत भांडण लागलं तर मिटवता येतं, एवढीच पात्रता. त्या कामातून जे हाती लागलं ते खाली मांडते. तंजावरला जायचं नसेल तरी जुन्या देवळांच्या कुठल्याही दक्षिणी शहराला यातलं बरंचसं लागू पडेल.

१. आधी गाडी, मग सुट्टी

गोंदिया जंक्शन हावडा-मुंबई मार्गावर असल्यामुळे आपल्याला पूर्व-पश्चिम जायची सवय. मनात आलं की निघालो. दक्षिणेचं तसं नाही. बिलासपूर-चेन्नई, कोरबा-तिरुवनंतपुरम या गाड्या आपल्याकडे थांबतात, पण आठवड्यातल्या ठरावीक वारीच. आधी सुट्टी मंजूर करून घेतली आणि मग गाडी शोधली, तर जायची गाडी मिळते आणि यायची नेमकी चार दिवस पुढे असते. तीन दिवसांच्या सहलीत ही चैन परवडत नाही.

माझा कल नागपूरहून जाण्याकडे. गोंदियाहून सकाळच्या कुठल्याही गाडीनं दोन-अडीच तासांत नागपूर, आणि तिथून दिल्लीकडून येणारी तामिळनाडू एक्सप्रेस रोज. रोजची गाडी असली की तारीख आपल्या सोयीनं हलवता येते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस दिवस आधी नाही. म्हणजे जायचं तिकीट ज्या सकाळी काढता त्या सकाळी परतीचं उघडलेलंच नसतं. ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवा. खालचा बर्थ लागणारी माणसं वेगळी मोजा आणि त्यांची तिकिटं आधी काढा. आमच्या गोतावळ्यात गुडघे न दुखणारी माणसं थोडीच.

चेन्नईला गाडी सेंट्रलला लागते आणि तंजावरची गाडी बहुधा एग्मोरहून सुटते. अंतर फार नाही, पण म्हातारी माणसं, बॅगा आणि तिथला रिक्षावाला यांचा हिशोब करून मध्ये चार तास तरी ठेवा. रात्रीची उळवन एक्सप्रेस सकाळी तंजावरला पोचवते. उळवन म्हणजे शेतकरी, हे कळल्यावर आमच्या मामांनी त्या गाडीत अगदी हक्कानं पाय पसरले. दिवसा जायचं असेल तर चोळन एक्सप्रेस आहे. ती कुंभकोणमवरून जाते आणि खिडकीबाहेर सगळी बांधी दिसत राहते.

गोंदियाजवळच्या बिरसीच्या विमानतळावरून २०२२ मध्ये हैदराबादची विमानं सुरू झाली. त्यांचं वेळापत्रक बदलत राहतं, त्यामुळे निघायच्या आधी बघावं. हैदराबादहून तिरुचिरापल्ली गाठलं की तंजावर तिथून साठेक किलोमीटर. तरुण मंडळींनी हे करावं. आमच्या बायकांना गाडीत डबे उघडल्याशिवाय सहल सुरू झाल्यासारखी वाटत नाही.

२. रथसप्तमी होऊ द्या

तंजावरला ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस असतो. आपला परतीचा संपतो तेव्हा त्यांचा ईशान्येकडून सुरू होतो आणि मधूनच एखादं वादळ येतं. एप्रिल-मे मध्ये तिथल्या दगडी आवारात पाय ठेववत नाही. उरतो जानेवारी-फेब्रुवारी, आणि नेमका तेव्हाच आपला धान कापून, चुरून, आधारभूत केंद्रावर घालून झालेला असतो. चुकारे खात्यात आले की घरातला पुरुष सहलीला "बघू" न म्हणता "हो" म्हणतो.

पण संक्रांतीच्या आसपास जाऊ नका. तिकडे पोंगल असतो, सगळा तामिळनाडू गावाकडे निघालेला असतो आणि गाडीत उभं राहायला जागा मिळत नाही. अपवाद एकच. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी, माट्टू पोंगलला, मोठ्या देवळातल्या नंदीला भाज्या आणि फळांनी मढवतात. गुराढोरांचा सण आहे, आपल्या पोळ्याच्या जातीचा. तो बघायचाच असेल तर दोन महिने आधी खोली धरा. पौष वद्य पंचमीला जवळच्या तिरुवैयारूला त्यागराजांची आराधना असते. शेकडो गवई आणि वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात. गाण्याचं वेड असेल तर ती तारीख साधा, नसेल तर टाळा.

आणि खरं कारण सांगायचं तर संक्रांत ते रथसप्तमी आमच्याकडे हळदीकुंकवं असतात. वाण लुटायचं सोडून कुणी बाई तंजावरला येत नाही. म्हणून रथसप्तमीनंतरचा आठवडा.

३. आधी दुपार कोरी ठेवा

सहलीचा कागद मांडताना बहुतेक लोक बघायच्या जागा लिहितात. मी आधी बंद असण्याच्या वेळा लिहिते. मोठं देऊळ साधारण साडेबाराला बंद होतं ते चारला उघडतं. दक्षिणेतली बहुतेक देवळं अशीच. म्हणजे सकाळी आरामात उठून, पुरी-भाजी खाऊन, अकराला देवळात पोचणारा माणूस तासाभरात बाहेर हाकलला जातो, आणि तेवढ्यात त्याचे तळवेही भाजलेले असतात. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि आवार म्हणजे नुसता दगड.

आम्ही दिवसाचे सरळ दोन तुकडे करतो. सकाळी साडेसहाला देवळात. नऊला टिफिन. दहा ते साडेबारा राजवाडा. मग जेवण आणि झोप. साडेचारनंतर दुसरा दिवस सुरू. त्या वेळी शहरही दुपारच्या बैलासारखं सावली धरून बसलेलं असतं; रिक्षावाले मागे रेलून झोपतात, दुकानांच्या अर्ध्या फळ्या लागतात. आपणच तेवढे टोप्या घालून का फिरायचं?

ह्यांनी पहिल्या दिवशी विचारलंच, "एवढे पैसे खर्चून झोपायला आलो का?" दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तेच सगळ्यात आधी घोरत होते. तीन दिवसांच्या सहलीत तीन दुपारी जातात हे खरं, पण सहा ताज्या सकाळ-संध्याकाळ मिळतात. धावपळ करून बघितलेल्या चौदा जागांपेक्षा मला त्या जास्त वाटतात.

दोन बारीक गोष्टी. जाड मोजे जवळ ठेवा. देवळात मोजे चालतात आणि दहानंतर ते लागतातच. आणि खोली देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्या. थोडे पैसे जास्त गेले तरी चालेल, कारण दिवसातून दोनदा जाणं-येणं आहे.

४. मोठं देऊळ दोनदा बघा, आणि खालून वर बघा

बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळानं १०१० मध्ये पुरं केलं. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचा मनोरा, साधारण ६६ मीटर उंच. प्रवेशाची गोपुरं त्याहून ठेंगणी आहेत. नंतरच्या दक्षिणी देवळांत दारावरची गोपुरं वाढत गेली आणि मधलं देऊळ लहान राहिलं. इथं उलट आहे, म्हणून दुसऱ्या दारातून आत आल्याबरोबर सगळा भार एकदम समोर येतो. १९८७ मध्ये ते युनेस्कोच्या यादीत गेलं.

गाईड दोन गोष्टी हमखास सांगतात. पहिली, की या मनोऱ्याची सावली जमिनीवर पडत नाही. पडते. संध्याकाळी पाचला ती आवारभर लांबते, आणि आम्ही तिच्यातच बसून शेंगदाणे खातो. दुसरी, की वरचा घुमटाकार दगड एकसंध ऐंशी टनांचा आहे. तो तुकड्यांचा जोड असल्याचं जाणकार सांगतात. अशा चमत्कारांत डोकं घालण्याची गरजच नाही, कारण खरं जे आहे ते जास्त नवलाचं आहे, आणि ते भिंतींवर खाली, आपल्या कमरेच्या उंचीवर लिहिलेलं आहे.

देवळाच्या जोत्यावर सगळीकडे तमिळ अक्षरं खोदलेली आहेत. आपल्याला वाचता येत नाहीत, म्हणून लोक पुढे सरकतात. त्यात राजराजानं देवळाला काय काय दिलं याचा हिशोब आहे. दागिन्यांची वजनं आहेत, दिव्यांच्या तुपासाठी दिलेली जनावरं आहेत, आणि दूरदूरच्या देवळांतून आणून वसवलेल्या चारशे नर्तकींची नावं आहेत. कुणी कुठल्या आळीत, कितव्या घरात राहायचं हेसुद्धा. प्रत्येकीला एक हिस्सा, आणि हिस्सा म्हणजे वर्षाला शंभर कलम धान मिळेल एवढी जमीन. नाचणाऱ्या बाईचं नाव, तिचा घर नंबर आणि तिचं धान दगडावर, हजार वर्षांपूर्वी! आमचे मामा राइस मिलमध्ये मुनीम होते. ते त्या भिंतीसमोर हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ही खातेवही आहे." त्यांना देवळातलं सगळ्यात जास्त तेच आवडलं.

म्हणून सकाळी दर्शन आणि नंदी. एवढा थोरला एकसंध दगडाचा नंदी, पण तो चोळांचा नाही, नंतरच्या नायक राजांच्या काळातला आहे. शेजारचं सुब्रह्मण्याचं सुबक देऊळही नायकांचंच. संध्याकाळी आवाराची प्रदक्षिणा, सावकाश. गाभाऱ्याभोवतीच्या अरुंद बोळात चोळकालीन भित्तिचित्रं आहेत. त्यांच्यावर नायकांच्या काळात दुसरी चित्रं रंगवली गेली होती. खालची १९३१ मध्ये पुन्हा उजेडात आली. तो बोळ सहसा सगळ्यांना उघडत नाहीत. तिथं हुज्जत घालण्यात वेळ घालवू नका, त्यांची छायाचित्रं आवारातच पाहायला मिळतात.

५. "आपलं राज्य" बघायला निघालात तर अर्धं शहर दिसणार नाही

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य तिथं राहिलं. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांच्या छातीत हे वाक्य आधीपासून भरलेलं असतं. स्टेशनावर उतरल्याबरोबर कुणीतरी "जय शिवाजी" म्हणतंच. म्हणावं. पण मग ते राजवाड्यात जातात, तो शनिवारवाड्यासारखा दिसत नाही म्हणून हिरमुसतात आणि तासाभरात बाहेर येतात.

राजवाडा मुळात नायकांनी बांधला, मराठ्यांनी वाढवला. तो बराचसा मोडकळीला आलेला आहे हे आधीच मनाशी धरून चला. आतल्या कलादालनात चोळांचे ब्राँझचे पुतळे आहेत. तिरुवेण्काडूचा वृषभवाहन शिव बघा: जटा फेट्यासारख्या गुंडाळलेल्या, एक हात बैलावर टेकवायला उचललेला, आणि बैल जागेवर नाही. त्याच्यासमोर आमची बडबडी जाऊसुद्धा गप्प झाली, आणि हे सोपं नाही.

सरस्वती महाल ग्रंथालय हा दुसऱ्या सरफोजींचा खरा ठेवा. तंजावरात वाढलेला, श्वार्ट्झ नावाच्या पाद्र्याच्या हाताखाली शिकलेला हा राजा. राज्यकारभार इंग्रजांनी काढून घेतल्यावर त्यानं पुस्तकं जमवली, दवाखाना चालवला, देवनागरी छापखाना काढला, काशीयात्रेला गेला तो पोथ्या घेऊन आला. आज तिथं जवळपास पन्नास हजार हस्तलिखितं आहेत, त्यांत मराठी तीन हजारांच्या घरात. संग्रह आपल्याला हाताळता येत नाही. बाहेरचं छोटं दालन बघायचं आणि विक्रीच्या टेबलाशी थांबायचं. सरफोजींच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींचं मराठी बाड, 'सरभेंद्र पाकशास्त्र', ग्रंथालयानं छापलेलं आहे. विचारून बघा. साप्ताहिक सुट्टीचा वार मात्र आधी पक्का करा. आमच्याच गाडीत भेटलेलं एक कुटुंब नेमकं त्या दिवशी गेलं होतं आणि कुलूप बघून आलं.

मराठी वाचायला मिळावं अशी इच्छा असेल तर ती मोठ्या देवळातच पुरी होते. आवाराच्या नैर्ऋत्येच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजींनी भोसले घराण्याची बखर मराठीत कोरून घेतली. फलकामागून फलक. जोत्यावर राजराजाचा तमिळ हिशोब, आवारात नायकांचा नंदी, भिंतीवर आपली बखर. ज्याची सत्ता आली त्यानं आपापली भर घातली आणि आधीचं बहुतेक पुसलं नाही. भोसल्यांचे वंशज आजही या देवळाचे वंशपरंपरागत विश्वस्त आहेत.

आणि अभिमान करायचाच तर छत्रांचा करावा, असं माझं मत. रामेश्वरच्या वाटेवर या राजांनी यात्रेकरूंसाठी छत्रं बांधली. १८०२ मध्ये ओरतनाडूला उभारलेलं मुक्तांबाल छत्र त्यातलंच. तिथं जात न विचारता शिजवलेलं अन्न मिळे, आजाऱ्याला औषध मिळे, बाळंतिणीची सोय होई. तलवारीपेक्षा हे मला मोठं वाटतं, पण आमच्याकडच्या पोरांना सांगून उपयोग नाही.

६. भात दुपारी. रात्री भाताचा हट्ट धरू नका

हा धडा सासूबाईंमुळे मिळाला. दोन्ही वेळ भात खाणारी बाई. तामिळनाडूत जायचं म्हणून खूश. पहिल्या रात्री हॉटेलात बसलो, पोऱ्यानं फडफड यादी म्हटली: इडली, डोसा, उत्तप्पा, परोटा. भात नाही. "भाताच्या देशात भात नाही?" सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तो लपवला.

तिथली रीत अशी. सकाळी टिफिन: इडली, वडा, पोंगल, डोसा. दुपारी साडेबारा ते तीन, केळीच्या पानावरचं जेवण, त्याला 'सापाडु' म्हणतात. संध्याकाळपासून पुन्हा टिफिन. साध्या खानावळीत रात्री भाताचा टोपच चढत नाही. ज्याला रात्री भात हवाच, त्यानं दुपारीच दहीभात बांधून घ्यावा, किंवा संध्याकाळी लवकर विचारावं.

पण ती दुपार! पान मांडलं की त्यावर स्वतः पाणी शिंपडून पुसायचं. कोशिंबीर, भाजी, कूटू, लोणचं, पापड येतात. मग भाताचा डोंगर. त्यावर आधी सांबार, मग घट्ट आंबट कुळंबू, तिसऱ्या भाताला रसम, शेवटी ताक. आमची माणसं पहिल्या भातातच सांबार, रसम आणि ताक एकत्र कालवायला निघाली होती. तसं करू नका. प्रत्येकाला वेगळा भात मिळतो, वाढणारा थकत नाही, आणि रसमच्या भाताला जी चव आहे ती तो एकटा खाल्ल्याशिवाय कळत नाही. 'पोदुम', म्हणजे पुरे, हा शब्द शिकून घ्या आणि म्हणताना पानावर हात आडवा धरा. नुसतं तोंडानं म्हटलेलं तिथं ऐकू जात नाही. जेवण झालं की पान आपल्याकडे दुमडायचं.

तांदूळ वेगळा लागतो. बराचसा उसना, म्हणजे उकडा, असतो. उसना आपल्या मिलांतूनही निघतो, पण आपल्या ताटात तो क्वचित येतो. आपण एचएमटी आणि जय श्रीराम तांदळांची माणसं. पहिला घास रबरी वाटेल, तिसऱ्या दिवशी तो सांबार किती छान धरून ठेवतो ते कळतं. तिखटही कमी असतं. आमच्या प्रत्येक बाईच्या पिशवीत जवसाच्या चटणीची डबी होती. माझी एकच विनंती: पहिल्या दिवशी डबी उघडू नका. जीभ एकदा आपल्या तिखटावर गेली की त्यांची मिरी, हिंग, कढीपत्ता काही कळत नाही.

सांबाराचा शोध तंजावरच्या मराठी राजवाड्यात लागला, आमसुलं संपली म्हणून चिंच घातली आणि संभाजीराजांच्या पाहुणचारावरून नाव पडलं, ही गोष्ट ऐकायला मिळेलच. गोड गोष्ट आहे. भक्कम पुरावा कुणी दाखवत नाही, म्हणून मी ती जेवतानाच ऐकते. तंजावरच्या मराठी घरांत शिजतं ते अन्न मात्र हॉटेलात मिळत नाही. ते घरातच राहिलं. ते शोधत गल्ल्या फिरू नका.

७. बाहेर एकदाच जा

तिसऱ्या दिवशी गाडी करून बाहेर जायचं, आणि एकाच दिशेला. पूर्वेला कुंभकोणम, उत्तरेला तिरुवैयारू, पश्चिमेला कल्लणै. तिन्ही एका दिवसात "करून देतो" म्हणणारे ड्रायव्हर भेटतील. ते करून देतात, आपल्याला काही दिसत नाही.

देवळांचं आणि कॉफीचं वेड असेल तर कुंभकोणम, साधारण चाळीस किलोमीटर. अलीकडेच दारासुरमचं ऐरावतेश्वर लागतं, बाराव्या शतकातलं. मोठं देऊळ बघून मान दुखली असेल तर हे नजरेच्या उंचीवरचं आहे. दगडी रथाची चाकं, घोडे, बोटभर नक्षी. मग पितळी डबरा-टंबलरमधली डिग्री कॉफी.

तिरुवैयारू तेरा किलोमीटर. वाटेत एकामागून एक पाच पाण्यांवरून पूल जातात, शेवटची कावेरी. तिच्या काठी त्यागराजांची समाधी. सरफोजींनी दरबारात बोलावलं आणि त्यागराज गेले नाहीत, अशी कथा सांगतात. गावात अशोका हलवा मिळतो, मुगाच्या डाळीचा, केशरी, तुपानं निथळणारा. तो गरम असताना, पानावर, उभ्यानं खावा. बांधून आणलात तर नुसती मुगाची डाळ गोड केल्यासारखा लागतो.

आम्ही मात्र कल्लणैला गेलो, आणि गोंदिया-भंडाऱ्याकडच्या माणसांना मी तेच सांगेन. करिकाल चोळानं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कावेरीच्या वाळूत दगड टाकून घातलेला बांध. तो पाणी साठवत नाही, वळवतो. पाया खडकावर नाही, वाळूतच रुतलेला आहे, आणि एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरनं तो अभ्यासून त्यावरच पुढची कामं केली. वर आता रस्ता आणि दरवाजे आहेत, जुनं काम ओळखायला विचारावं लागतं. आपल्याकडे कोहळ्यांनी बांधलेले मालगुजारी तलाव आहेत. नवेगावबांधला कोलू पाटलाचं नाव सांगतात. पाणी अडवून धान काढणारी माणसं दुसऱ्यांचा बांध बघताना वेगळंच बघतात. मामा पाळीवर उभे राहून तिथल्या एका शेतकऱ्याशी बोलत होते. मामांना तमिळ येत नाही, त्याला मराठी नाही. पाणी किती हात, रोवणी कधी, पीक किती वेळा, हे सगळं बोटांवर झालं. त्यांच्याकडे कुरुवै आणि सांबा असे हंगाम असतात, मेट्टूर धरणाचं पाणी साधारण १२ जूनला सोडतात आणि ते वेळेवर आलं नाही की सगळं कोसळतं, एवढं मामांनी गाडीत बसल्यावर आम्हाला समजावून सांगितलं. ड्रायव्हरनं मान डोलावली, म्हणजे बरोबर असावं.

८. खरेदी शेवटच्या संध्याकाळी, आणि मोजकी

मान डोलावणाऱ्या बाहुल्या घ्या, स्वस्त आणि हलक्या. सोन्याच्या वर्खाची तंजावर चित्रं घाईत घेऊ नका. खरी महाग असतात आणि नकली आपल्याला ओळखता येत नाहीत. बॉम्बे स्वीट्समधली चंद्रकला घ्या, खव्याची, पाकातली. ती प्रवासात टिकते, पण बर्थखाली ठेवू नका. मुंग्यांना रेल्वेचं तिकीट लागत नाही.

९. परतीचा डबा तंजावरातच भरा

तंजावर-चेन्नई रात्र, मग चेन्नई-नागपूर दुसरी रात्र. जाताना घरचे धपाटे आणि चिवडा असतो; येताना हात रिकामे. गाडीतलं जेवण मी लहान मुलांना आणि साठीच्या पुढच्यांना देत नाही. त्याऐवजी तंजावरच्या खानावळीत निघायच्या दुपारी दोन प्रकारचा भात सांगायचा. दहीभात सांगताना "गाडीसाठी" म्हणून सांगा. मग ते भातात दूध जास्त आणि दही नुसतं विरजणापुरतं घालतात. गाडीत तासागणिक तो आपोआप लागत जातो आणि आंबट होत नाही. तो पहिल्या रात्री संपवायचा. दुसऱ्या दिवसासाठी पुळियोदरै, चिंचेचा भात. तेल, चिंच, हिंग, भाजलेले दाणे असल्यामुळे तो सहज टिकतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो.

यावर आमच्याकडे वाद आहे. जाऊबाईंचं म्हणणं, दहीभात विजयवाड्यापर्यंतच खावा. सासूबाई म्हणतात, थंडीच्या दिवसांत बल्लारशापर्यंत चालतो. त्यांनी तो बल्लारशाच्या प्लॅटफॉर्मवर गाडी उभी असताना, जवसाची चटणी लावून खाल्ला, आणि नागपूरला उतरून गोंदियाच्या गाडीत स्वतःची बॅग स्वतः चढवली.